हशाची मालकी कोणाची?

विनोद ही फावल्या वेळची करमणूक असून चळवळीच्या गंभीर कामात तिला स्थान नाही, अशी समजूत बाळगणारे कार्यकर्ते आजही पुष्कळ आढळतात. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचा वारसा सांगणाऱ्यांमध्ये ही समजूत टिकून राहावी, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे. पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य याच कलापथकासाठी लिहिले आणि निळू फुले यांच्यासारखा नट याच कलापथकात घडला. निषेधाचे दहा ठराव सत्ताधारी शांतपणे फाइलबंद करतात; भर सभेत उसळलेला एक हशा मात्र त्यांना झोपू देत नाही. तेव्हा हशा पिकवणारी संस्था कोण काढतो, ती कोणाच्या पैशावर चालते आणि तिच्यात राबणाऱ्यांच्या पदरात काय पडते, हे प्रश्न करमणुकीच्या सदरात ढकलून देता येणार नाहीत.

या प्रश्नांची चर्चा करण्यास अमेरिकेतील उत्स्फूर्त प्रहसनांच्या छोट्या नाट्यगृहांचा इतिहास फार उपयुक्त आहे. शे-दीडशे खुर्च्यांची खोली, सहा-सात नट, एक पियानोवादक आणि रंगमंचावर दोन-चार साध्या खुर्च्या, एवढ्याच सामग्रीवर ही नाट्यगृहे उभी राहतात. नटापाशी लिहिलेली संहिता नसते. प्रेक्षकांतून एखादा शब्द, एखादे ठिकाण, एखादा व्यवसाय सुचविला जातो आणि त्यावरून नट तेथल्या तेथे प्रसंग उभा करतात. महाराष्ट्रातील वाचकाला यात फार नवलाईचे वाटू नये. तमाशातील बतावणी आणि वग यांचा आराखडा तेवढा ठरलेला असे. संवाद सोंगाड्याच्या जिभेवर आणि समोरच्या प्रेक्षकांच्या रागरंगावर अवलंबून असत. फरक आहे तो या कलेभोवती उभ्या राहिलेल्या संस्थेत आणि त्या संस्थेच्या अर्थकारणात.

वस्तीतील मुलांच्या खेळातून

आज कोट्यवधी डॉलर्सच्या करमणूक-व्यवसायाचा कच्चा माल झालेल्या या कलेचा जन्म मजुरांच्या वस्तीत झाला, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ साली शिकागोतील स्थलांतरित कामगारांच्या भागात हल हाउस ही सेवासंस्था काढली. तेथे नेव्हा बॉइड या शिक्षिका खेळांच्या द्वारे समूहशिक्षणाचे प्रयोग करीत असत. त्यांच्या हाताखाली १९२० च्या दशकात तयार झालेल्या व्हायोला स्पोलिन या पुढे, मंदीच्या काळात, रूझवेल्ट सरकारने बेकारांना काम देण्यासाठी काढलेल्या योजनेच्या शिकागो शाखेत नाट्यविभागाच्या पर्यवेक्षक झाल्या. १९३९ ते १९४१ या काळात त्यांच्यापुढे येणारी मुले निरनिराळ्या देशांतून आलेल्या गरीब कुटुंबांतील होती. भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या. पाठांतराचे नाटक त्यांच्याकडून करून घेणे दुष्कर होते. म्हणून स्पोलिनबाईंनी असे खेळ रचले की, ज्यांत मुले एकमेकांकडे पाहून, एकमेकांचे ऐकून, आपोआप नाटक करू लागतील. १९६३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ आजही या कलेचा मूळ आधार मानला जातो.

ही कला सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक हेतूने आणि गरिबांच्या मुलांना बरोबर घेऊन घडविली गेली, ही या इतिहासातील पहिली ध्यानात धरावयाची बाब आहे. तिचा मूलभूत नियमही मूळ धर्माला साजेसा आहे: सहकाऱ्याने जे मांडले ते झिडकारावयाचे नाही, ते स्वीकारून त्यात आपली भर घालावयाची. रंगमंचावर कोणी नायक नाही आणि कोणी हरकाम्या नाही. एकाचे यश दुसऱ्याच्या साहाय्यावाचून संभवत नाही. सहकाराचे याहून बोलके प्रात्यक्षिक क्वचितच सापडेल.

कामगारांचे नाट्यगृह आणि त्याचा शेवट

स्पोलिनबाईंचे चिरंजीव पॉल सिल्स यांना शिकागोत डेव्हिड शेपर्ड नावाचा एक सहकारी भेटला. शेपर्ड सुखवस्तू घरातील होता. परंतु श्रीमंतांच्या नाट्यगृहांविषयी त्याला तिटकारा होता. कामगार जेथे संध्याकाळी जमतात अशा ठिकाणी, त्यांच्याच जीवनातील विषयांवर, इटलीतील जुन्या फिरत्या नाटकमंडळ्यांच्या धर्तीवर आराखड्यावरून नाटके करावीत, असे त्याचे स्वप्न होते. या स्वप्नातून जुलै १९५५ मध्ये शिकागो विद्यापीठाजवळच्या एका मद्यगृहात ‘कंपास’ ही मंडळी सुरू झाली. त्या दिवसाच्या बातम्यांवर आधारलेले ‘जिवंत वृत्तपत्र’ हा तिच्या कार्यक्रमाचा एक भाग होता. हे नाव मंदीच्या काळातील सरकारी नाट्ययोजनेकडून आले होते. त्या योजनेच्या नाटकांतील राजकीय धार सहन न होऊन अमेरिकी काँग्रेसने १९३९ साली तिचा निधीच बंद केला होता.

‘कंपास’मधून माइक निकल्स आणि इलेन मे यांच्यासारखे असामान्य कलावंत पुढे आले. परंतु शेपर्डचा मूळ हेतू सिद्धीस गेला नाही. मद्यगृह विद्यापीठाच्या परिसरात होते. प्रेक्षक आले ते विद्यार्थी, प्राध्यापक आणि सुशिक्षित मध्यमवर्गीय. प्रेक्षक सुचवितात तेच विषय रंगमंचावर येणार, हा तर या कलेचा नियम. परिणामी मनोविश्लेषण, प्रेमभंग आणि विद्वानांचे पोकळ संभाषण हे प्रहसनांचे विषय झाले आणि कसाईखान्यातला मजूर दाराबाहेरच राहिला. शिकागोतील ‘कंपास’ १९५७ साली बंद पडली. या अपयशातून निघणारा निष्कर्ष कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतला पाहिजे. नाट्यगृहाची वर्गीय दिशा जाहीरनाम्याने ठरत नाही. ते कोणत्या वस्तीत आहे, तिकीट किती आहे आणि प्रयोगाची वेळ कोणाला सोयीची आहे, यांवरून ती ठरते.

पुढे १६ डिसेंबर १९५९ रोजी पॉल सिल्स, बर्नार्ड सॅलिन्स आणि हॉवर्ड आल्क या तिघांनी शिकागोच्या वेल्स स्ट्रीटवरील, पूर्वी चिनी धोबीखाना असलेल्या जागेत ‘सेकंड सिटी’ हे नाट्यगृह उघडले. न्यूयॉर्कच्या एका लेखकाने शिकागोला ‘दुसऱ्या क्रमांकाचे शहर’ म्हणून हिणवले होते. तीच शिवी या मंडळींनी नाव म्हणून मिरविली. या वेळी कामगारांच्या नाट्यगृहाची भाषा कोणी केली नाही. खाद्यपेये विकणारे, खर्च भागवून चार पैसे उरविणारे, नगरातील चोखंदळ प्रेक्षकांचे नाट्यगृह हाच उद्देश होता आणि तो सफल झाला. संस्था टिकली, वाढली, १९७३ साली टोरांटोत तिची शाखा निघाली. १९७५ पासून दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमाला जॉन बेलुशी, डॅन ॲक्रॉइड, गिल्डा रॅडनर असे नट याच रंगमंचाने पुरविले.

विनोद घडवितो कोण, राखतो कोण?

‘सेकंड सिटी’ची कार्यपद्धती समजून घेतल्यावाचून तिच्या अर्थकारणाचे मर्म कळत नाही. मुख्य प्रयोग बसविलेल्या प्रहसनांचा असतो. तो संपल्यावर नट प्रेक्षकांच्या सूचनांवरून उत्स्फूर्त प्रसंग करतात. त्यांतील जे रंगतात ते टिपून ठेवावयाचे, पुढील रात्री पुन्हा करून पाहावयाचे, त्यांची काटछाट करावयाची आणि काही महिन्यांनी त्यांतूनच नवा प्रयोग सिद्ध करावयाचा, अशी ही रीत आहे. म्हणजे नट येथे केवळ नट राहत नाही. तोच लेखकही असतो. प्रेक्षकही नकळत या निर्मितीत सहभागी असतो. मात्र प्रहसन एकदा सिद्ध झाले की ते संस्थेच्या संग्रहात जमा होते आणि संस्थेच्या फिरत्या मंडळ्या ते गावोगाव करतात. ज्यांच्या अंगच्या बुद्धीतून ते जन्मले ते नट तोवर दुसरीकडे गेलेले असतात.

यंत्रमागावरचा कामगार निदान मालकाच्या यंत्रावर आणि मालकाच्या सुतावर काम करतो. येथे यंत्रही नटाचे आणि सूतही नटाचेच. त्याचे शरीर, त्याची स्मृती, त्याच्या आयुष्यातील अपमान आणि गमती हाच सारा माल. मालकाकडे काय असते? चार भिंती, भाडेकरार, मद्यविक्रीचा परवाना आणि नाव. तरीही निर्मितीवरची सत्ता चार भिंतींच्या धन्याकडे जाते, कारण रंगमंचावाचून ही कला जगू शकत नाही आणि शहरातली जागा नटाच्या आवाक्यात नसते. ‘सेकंड सिटी’च्या मुख्य रंगमंचावरील नटांना निदान ‘इक्विटी’ या नटांच्या कामगार संघटनेच्या कराराचे संरक्षण लाभले. इतर बहुतेक छोट्या नाट्यगृहांत तेही नव्हते.

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण ‘अपराइट सिटिझन्स ब्रिगेड’ या मंडळीचे आहे. एमी पोलर, मॅट बेसर, इयन रॉबर्ट्स आणि मॅट वॉल्श हे चौघे शिकागोत तयार झाले, १९९६ मध्ये न्यूयॉर्कला आले आणि १९९९ साली त्यांनी स्वतःचे नाट्यगृह उघडले. ती जागाही पूर्वी एका नग्ननृत्यशाळेची होती. तिकीट अत्यल्प ठेवले गेले. विद्यार्थी आणि बेकार तरुण रांगा लावू लागले. उत्पन्नाचा मोठा आधार होता शिकवणीवर्गांचा. नवशिक्याने फी भरून एकामागून एक पायऱ्या चढावयाच्या. अखेरीस निवड झाली तर रंगमंचावर उभे राहावयाचे. आणि त्या प्रयोगाबद्दल मोबदला मात्र मिळावयाचा नाही. २०१३ मध्ये या पद्धतीवर उघड वाद झाला. संस्थेच्या बाजूने असे सांगण्यात आले की, तिकीट स्वस्त आहे, नटांना मोकळेपणाने प्रयोग करण्यास जागा मिळते आणि पैसे देण्याचे ठरविल्यास गर्दी खेचणाऱ्यांनाच काम मिळून नवोदितांची दारे बंद होतील.

हा युक्तिवाद सर्वस्वी अप्रामाणिक म्हणून फेटाळणे योग्य होणार नाही. स्वस्त तिकिटाचे मोल चळवळीने तरी ओळखले पाहिजे. परंतु त्या स्वस्ताईची किंमत कोण मोजतो, हे विचारावयास हवे. घरभाडे घरमालकाला पोचते, वीजबिल भरले जाते, दारावरच्या माणसाला आणि पेले धुणाऱ्याला मजुरी मिळते. बिनपगारी राबतो तो एकटा नट, ज्याच्यासाठी प्रेक्षक आलेला असतो. शिवाय फुकट काम करणे ज्यांना परवडते तेच या शाळेत टिकतात. घरून मदत येणारी मुले वर्षानुवर्षे थांबू शकतात. हॉटेलात रात्रपाळी करणारी मुलगी थांबू शकत नाही. ‘नवोदितांसाठी खुले’ म्हणविणारे दार अशा रीतीने गरिबांसाठी हळूच बंद होते आणि रंगमंचावर एकाच वर्गाचा, बहुधा एकाच वर्णाचा विनोद ऐकू येऊ लागतो.

लॉस एंजेलिसच्या ‘कॉमेडी स्टोअर’मध्ये हाच वाद १९७९ साली पेटला होता. ते नाट्यगृह एकट्याने विनोद सांगणाऱ्यांचे. पण प्रश्न तोच होता. ‘ही शाळा आहे, येथे मोबदला कसला?’ असे मालकीणबाईंचे म्हणणे होते. विनोदकारांनी संप केला, दारासमोर फलक घेऊन ते उभे राहिले आणि सुमारे सहा आठवड्यांनी प्रत्येक सादरीकरणामागे २५ डॉलर्स देण्याचे मान्य झाले. रक्कम क्षुल्लक होती. तत्त्व क्षुल्लक नव्हते. हसविणे हे श्रम आहेत, हे त्या दिवशी कबूल करावे लागले.

महामारीने उघडे पाडलेले सत्य

२०२० साली करोनाच्या साथीत नाट्यगृहे बंद झाली आणि या साऱ्या इमारतीचा पाया किती ठिसूळ होता ते दिसले. ‘अपराइट सिटिझन्स ब्रिगेड’ने एप्रिलमध्येच न्यूयॉर्कमधील आपली नाट्यगृह आणि शाळेची जागा सोडली. शिकागोतील ‘आयओ’ हे नामांकित नाट्यगृह जूनमध्ये बंद झाले. पुढे नव्या मालकांनी ते २०२२ साली पुन्हा उघडले. ‘सेकंड सिटी’त कृष्णवर्णीय कलावंतांनी वर्षानुवर्षे सोसलेल्या पक्षपाताला जूनमध्येच जाहीर वाचा फोडली आणि तेव्हाच्या मालकाला पायउतार व्हावे लागले. २०२१ साली ती संस्था एका गुंतवणूक कंपनीने विकत घेतली. किंमत सुमारे ५ कोटी डॉलर्स असल्याचे वृत्तपत्रांनी छापले. साठ वर्षे नटांनी रात्रीमागून रात्री घडविलेला विनोद, त्यातून मिळालेली कीर्ती, त्या कीर्तीवर चालणारी शाळा हे सारे त्या किमतीत मोजले गेले. हल हाउसच्या अंगणात खेळलेल्या मुलांच्या खेळाचा प्रवास अशा रीतीने भांडवलाच्या ताळेबंदात येऊन थांबला.

मात्र त्याच वर्षी त्याच संस्थेतील शिक्षकांनी संघटना स्थापन करण्याच्या बाजूने मतदान केले, हेही नमूद केले पाहिजे. एकमेकांचे ऐकावे, एकमेकांना सावरावे, हे ज्यांनी आयुष्यभर शिकविले त्यांना संघटनेचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागला नसेल.

संहिता नसलेल्या नाटकाची भीती

अर्थकारणाखेरीज दुसरे संकट सत्तेचे आहे. उत्स्फूर्त नाटक सत्तेला विशेष खुपते, कारण ते आधी तपासता येत नाही. इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्याने नाट्यपूर्वनियंत्रण रद्द होईपर्यंत प्रत्येक शब्द आधी मंजूर करून घ्यावा लागे. जोन लिटलवुड यांच्या ‘थिएटर वर्कशॉप’वर मंजूर संहितेबाहेरचे बोलल्याबद्दल १९५८ साली खटला होऊन दंड झाला होता, आणि ते नाटक होते बांधकाम मजुरांच्या जीवनावरचे. महाराष्ट्रातही रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता सादर करून प्रमाणपत्र घेण्याची पद्धत कित्येक दशके चालत आली आहे. ज्या भूमीत सोंगाड्या ऐन वेळी पाटलाची आणि फौजदाराची टोपी उडवीत आला, तेथे हे बंधन मुळातच विसंगत आहे.

कायद्याचे बंधन परवडले असे वाटावे, अशी घटना मुंबईतच २३ मार्च २०२५ रोजी घडली. उपमुख्यमंत्र्यांवरील विडंबनगीताचा राग धरून सत्ताधारी आघाडीतील एका पक्षाच्या कार्यकर्त्यांनी खारमधील ‘हॅबिटॅट’ या छोट्या सभागृहाची मोडतोड केली. गीत कुणाल कामरा या विनोदकाराचे. मोडल्या गेल्या त्या सभागृहाच्या खुर्च्या. दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे कर्मचारी अनधिकृत बांधकामाचे कारण सांगून हातोडे घेऊन तेथे पोचले आणि चालकांनी सभागृह बंद ठेवण्याचे जाहीर केले. विनोदकाराला गप्प करण्यापेक्षा त्याच्या पायाखालचा रंगमंच काढून घेणे सोपे असते, हे यातून स्पष्ट झाले. जागेचा मालक घाबरला की शंभर विनोदकार मुके होतात. जागेचा प्रश्न हा म्हणूनच अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाही प्रश्न आहे.

काय करावे?

या इतिहासावरून छोटे विनोदी नाट्यगृह काढू इच्छिणाऱ्या कार्यकर्त्यांना काही गोष्टी निश्चित करता येतील. पहिली गोष्ट जागेची. युनियनचे कार्यालय, शाळेचे सभागृह, वाचनालयाची वरची खोली, कामगारवस्तीतील समाजमंदिर यांपैकी जे उपलब्ध असेल तेथे सुरुवात करावी. भाड्याच्या दिखाऊ जागेमागे लागणारी मंडळी अखेरीस घरमालकासाठी राबते. जागा एकापेक्षा अधिक ठिकाणी असाव्यात. एक दार बंद झाले तर दुसरे उघडे राहील.

दुसरी गोष्ट हिशेबाची. प्रयोगाचा गल्ला सर्वांसमोर मोजला जावा आणि खर्च वजा जाता उरेल त्याचे वाटे नट, वादक, दिवे सांभाळणारा आणि झाडलोट करणारा यांच्यात ठरल्याप्रमाणे व्हावेत. वाट्याला वीस रुपये आले तरी ते द्यावेत. कार्यकर्ता आहे म्हणून कलावंताने फुकट राबावे, ही अपेक्षा चळवळीतही खोलवर रुजलेली आहे आणि तिच्यातही शोषण आहेच. फडमालकाकडून घेतलेल्या उचलीपायी हंगामामागून हंगाम बांधले गेलेले तमाशा कलावंत ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

तिसरी गोष्ट मालकीची. संस्था सहकारी तत्त्वावर नोंदवावी. जे प्रहसन ज्या नटांनी घडविले, त्यावर त्यांची नावे लागावीत आणि दुसऱ्या मंडळीने ते केल्यास त्यांचा वाटा त्यांना पोचावा. चौथी गोष्ट शिक्षणाची. शिकवणीची फी हा संस्थेचा प्राणवायू होऊ देऊ नये. तसे झाले की रंगमंच ही शाळेची जाहिरात बनते. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रेक्षकांची. शेपर्डचा प्रयत्न जेथे फसला तेथे सावध राहावे. पाळी सुटण्याच्या वेळी, आठवड्याच्या बाजारादिवशी, ऊसतोडणीच्या तळावर प्रयोग केला तर सुचविले जाणारे शब्द आपोआप बदलतील. प्रेक्षकांतून ‘मुकादम’ हा शब्द आला की त्यावरचे प्रहसन कोणत्याही लिखित प्रचारनाट्यापेक्षा धारदार होईल, कारण त्याचा पहिला लेखक तो शब्द उच्चारणारा मजूर असेल.

अशा मंडळीने चळवळीच्या नेत्यांनाही सोडू नये, हे ओघाने आलेच. आपल्या व्यासपीठावरील पोकळ भाषणांची नक्कल पाहून ज्याला हसता येत नाही, त्याच्या हाती सत्ता आली तर तोही उद्या हातोडे पाठवील. विनोदाचे स्वातंत्र्य मागताना ते स्वतःविरुद्धही देण्याची तयारी असली पाहिजे.

साध्या चार खुर्च्या आणि एकमेकांवर विश्वास असलेली सहा माणसे एवढ्यावर ही कला उभी राहते, असे शिकागोतील त्या मुलांनी दाखवून दिले. त्या खुर्च्या कोणाच्या नावावर असाव्यात, हे मात्र सुरुवातीलाच ठरवावे लागते. पडदा वर गेल्यानंतर तो प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा फार उशीर झालेला असतो.